गणितात पोरगं पुढं आहे? मग कोणतं दार कोणत्या इयत्तेत उघडतं ते आधी बघा

गावात असं एखादं पोरगं किंवा पोरगी असतेच. किराणा दुकानदार कॅल्क्युलेटर हातात घेईपर्यंत यांची बेरीज झालेली असते. वांगी ६० रुपये किलो असतील तर पाऊण किलोचे ४५ होतात, हे त्यांना कागदावर मांडावं लागत नाही. घरचे कौतुक करतात, सर म्हणतात 'डोकं चांगलं आहे', आणि बहुतेक वेळा गोष्ट तिथंच थांबते.

पुढं काय करायचं हे पालकांना कोणी नीट सांगत नाही. मग तालुक्याच्या गावात फ्लेक्स दिसतो, 'सहावीपासून आयआयटी फाउंडेशन'. काही जण कर्ज काढून फी भरतात. काही जण 'आपल्याला परवडत नाही' म्हणून विषय सोडून देतात. या दोन्हींच्या मधली एक वाट आहे. ती कमी खर्चाची आहे आणि झेडपीच्या शाळेतूनही जाते. पण तिच्यावरची काही दारं एकाच इयत्तेत उघडतात. ते वर्ष गेलं की दार बंद, मग पोरगं कितीही हुशार असो.

वर्ग ओलांडून पुढं जाता येतं का?

आपल्याकडे मूल वयाप्रमाणे वर्गात बसतं. सहावीतल्या मुलाला गणित छान येतं म्हणून फक्त गणितापुरतं आठवीच्या वर्गात बसवायची सोय नेहमीच्या शाळेत नाही. अमेरिकेत अशी सोय बऱ्याच ठिकाणी आहे. तिथं साधारण नववीत घ्यायचं बीजगणित काही मुलं आठवीतच घेतात. त्यावरून तिथंही वाद आहे. सॅन फ्रान्सिस्को शहराच्या सरकारी शाळांनी २०१४ मध्ये आठवीतलं हे बीजगणित बंद केलं. काही मुलं फार लवकर मागं टाकली जातात, असं त्यामागचं कारण होतं. नंतर पालकांनी मागणी लावून धरली आणि २०२४ मध्ये ते परत आणायचा निर्णय झाला.

आपल्याकडे अशी सरळ सोय नसली तरी पुढं असलेल्या मुलासाठी दोन गोष्टी करता येतात. एक म्हणजे आहे त्याच इयत्तेचं गणित खोल करणं. दुसरी म्हणजे स्पर्धा परीक्षांमधून पुढची संधी पकडणं. पहिली झाली नाही तर दुसरी हाताला लागत नाही. म्हणून आधी पहिली बघू.

पुढचं पुस्तक की आत्ताचं पक्कं?

'आमच्या पोराचं सहावीतच आठवीचं पुस्तक झालंय' असं अभिमानानं सांगणारे पालक भेटतात. पुस्तक झालं म्हणजे उदाहरणं सोडवून झाली. समजलं का, हा प्रश्न वेगळा.

एक सोपी परीक्षा घरच्या घरी घ्या. पोराला विचारा, अर्धा अधिक एक तृतीयांश किती? घाईत शिकलेलं मूल वरचे अंक वर मिळवतं, खालचे खाली, आणि सांगतं 'दोन पंचमांश'. आता त्याला म्हणावं, अर्धी भाकरी तुझ्या ताटात आहे, वर आणखी एक तृतीयांश वाढली. मग अर्ध्यापेक्षा जास्त व्हायला पाहिजे की कमी? दोन पंचमांश तर अर्ध्यापेक्षाही कमी आहेत! खरं उत्तर पाच षष्ठांश. ज्या मुलाला आपली चूक इथं आपोआप खटकते, त्याचा पाया पक्का आहे. ज्याला खटकत नाही, त्याला आठवीचं पुस्तक देऊन उपयोग नाही.

सहावी ते आठवी ही तीन वर्षं म्हणजे गणिताची साखळी आहे. अपूर्णांकातून गुणोत्तर येतं. गुणोत्तरातून शेकडेवारी, नफा-तोटा आणि व्याज येतं. त्यातून समप्रमाण आणि व्यस्तप्रमाण. आणि या सगळ्यातून एक चल असलेलं समीकरण, म्हणजे बीजगणित. नववीला गणिताचे दोन भाग होतात, भाग १ बीजगणिताचा आणि भाग २ भूमितीचा. नववीत अचानक मार्क घसरलेल्या कित्येक मुलांची अडचण नववीच्या धड्यात नसते, सहावीच्या अपूर्णांकात असते.

ही अडचण थोड्याथोडक्यांची नाही. 'असर' ही ग्रामीण भागातल्या मुलांची देशव्यापी पाहणी आहे. तिच्या २०२४ च्या अहवालानुसार आठवीतल्या निम्म्याहून कमी मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागता आलं. म्हणजे आपलं पोरगं वर्गात पुढं आहे यावरून त्याचा पाया पक्का आहे असं ठरत नाही. वर्गच मागं असू शकतो.

शेतातच आहे गणिताची वही

खोल करायचं म्हणजे काय, तर एकच गोष्ट वेगवेगळ्या बाजूंनी विचारायची. त्यासाठी क्लास लागत नाही.

फवारणीचं बघा. १५ लिटरच्या पंपाला ३० मिली औषध लागतं, तर २०० लिटरच्या टाकीला किती? लिटरला २ मिली, म्हणजे ४०० मिली. हे समप्रमाण. खुरपणीला ६ बायका लावल्या तर ४ दिवस लागतात. ८ लावल्या तर किती? एकूण काम २४ रोजांचं, म्हणून ३ दिवस. हे व्यस्तप्रमाण. दोन्ही उदाहरणं पोराला एकापाठोपाठ घाला आणि विचारा, एकात आकडा वाढला, दुसऱ्यात कमी झाला, असं का? त्याचं उत्तर आलं तर धडा समजला.

व्याज तर घराघरातलं आहे. गावात 'शेकडा दोन' म्हणतात तेव्हा ते महिन्याचं असतं. वर्षाचे झाले २४ टक्के. ५० हजार घेतले तर वर्षाचं व्याज १२ हजार. दोन वर्षांनी सरळव्याजानं ७४ हजार द्यायचे. पण पहिल्या वर्षाचं व्याज मुद्दलात मिळवलं तर ६२ हजारांवर २४ टक्के धरून ७६ हजार ८८० होतात. हेच आठवीतलं चक्रवाढ व्याज. हा हिशेब आठवीतलं मूल घरच्यांना करून दाखवू शकतं, आणि तो घरच्यांच्याही कामाचा आहे.

आता बीजगणिताकडे जाणारं एक कोडं. गोठ्यात कोंबड्या आणि शेळ्या मिळून २० डोकी आहेत, पाय ५६. शेळ्या किती? समीकरण न शिकलेलं मूलही सोडवू शकतं. सगळ्या कोंबड्या धरल्या तर पाय ४०. उरले १६. प्रत्येक शेळीचे दोन पाय जास्त, म्हणजे शेळ्या ८ आणि कोंबड्या १२. समीकरण शिकलेलं मूल शेळ्या 'क्ष' धरतं, कोंबड्या '२० वजा क्ष' धरतं आणि तेच उत्तर काढतं. उत्तर आलं की थांबू नका. 'आता दुसऱ्या रीतीनं काढून दाखव' म्हणा. दोन रीतींनी सोडवता येणं म्हणजे खरं पुढं असणं.

हुशार पोराला नुसती मोठी मोठी उदाहरणं दिली तर ते कंटाळतं. त्याला खेळ पाहिजे. नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर असलेले द. रा. कापरेकर आयुष्यभर आकड्यांशी खेळत राहिले. त्यांनी शोधलेली ६१७४ ही संख्या आज जगभर 'कापरेकर स्थिरांक' म्हणून ओळखली जाते. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमानं लावा, ५४३२. चढत्या क्रमानं लावा, २३४५. वजा करा, ३०८७. पुन्हा तसंच, ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. पुन्हा, ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. कोणत्याही संख्येपासून सुरू करा, जास्तीत जास्त सात वेळा वजाबाकी केली की ६१७४ येतेच. पोराला हे सांगा आणि वही द्या. तीन अंकी संख्येला असं काही होतं का, हे त्याला स्वतः शोधू द्या.

आता दारं. कोणत्या इयत्तेत काय?

पाचवी: नवोदय. जवाहर नवोदय विद्यालयात सहावीला प्रवेश मिळतो आणि त्याची परीक्षा पाचवीत असताना द्यायची असते. ८० प्रश्न, १०० गुण, वेळ दोन तास. त्यात बुद्धिमत्तेचे ४० प्रश्न, अंकगणिताचे २० आणि भाषेचे २०. राहणं, जेवण, पुस्तकं विद्यालयाकडून. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात आणि एक तृतीयांश जागा मुलींसाठी. ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत पूर्ण झालेली लागतात. ही परीक्षा एकदाच देता येते. देशातली पहिली दोन नवोदय विद्यालयं सुरू झाली त्यातलं एक आपल्या अमरावतीचं.

ही संधी हुकली तर आठवीत असताना नववीच्या प्रवेशासाठी दुसरी परीक्षा असते. पण ती फक्त रिकाम्या जागांसाठी. तिच्यात १०० पैकी ३५ गुण गणिताचे आणि ३५ विज्ञानाचे.

चौथी आणि सातवी: शिष्यवृत्ती. पालकांनी लक्षात घ्यायचा बदल इथं आहे. २०१६-१७ पासून ही परीक्षा पाचवी आणि आठवीला होत होती. आता २०२५-२६ पासून ती पुन्हा चौथी आणि सातवीला घेण्याचा निर्णय शासनानं केला आहे. ज्यांच्या डोक्यात अजून 'पाचवी-आठवी' बसलं आहे, त्यांच्या पोराचं वर्ष हुकायची भीती आहे. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ही परीक्षा घेते. दोन पेपर, ३०० गुण. त्यातले १०० गुण गणिताचे आणि १०० बुद्धिमत्तेचे. खालच्या स्तरावर वर्षाला ५ हजार आणि वरच्या स्तरावर ७ हजार ५०० रुपये मिळतात.

आठवी: एनएमएमएस. गरीब घरातल्या पोरासाठी सगळ्यात महत्त्वाची परीक्षा ही. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती योजना केंद्र सरकारनं २००८ मध्ये सुरू केली. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार, म्हणजे चार वर्षांत ४८ हजार रुपये थेट विद्यार्थ्याच्या खात्यात. वर शेकडा दोनच्या कर्जाचं जे वर्षाचं व्याज काढलं, नेमकी तेवढीच रक्कम.

पात्रता अशी. मूल सरकारी, झेडपी-नगरपालिका किंवा अनुदानित शाळेत आठवीत पाहिजे. पालकांचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत पाहिजे. सातवीला किमान ५५ टक्के पाहिजेत, अनुसूचित जाती-जमातीला ५०. विनाअनुदानित शाळा, नवोदय, केंद्रीय विद्यालय, सैनिकी शाळा यांतल्या मुलांना ती मिळत नाही.

पेपर दोन. बौद्धिक क्षमता ९० प्रश्न. शालेय क्षमता ९० प्रश्न, त्यात विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५ आणि गणित २०. गणिताचे २० च आहेत म्हणून दुर्लक्ष करू नका. बौद्धिक क्षमतेत संख्यामालिका आणि कोडी असतात, तिथंही गणिताचंच डोकं लागतं. मराठीतून पेपर देता येतो. फॉर्म शाळेनं ऑनलाइन भरायचा असतो. त्यामुळं आठवी सुरू झाली की पहिल्याच महिन्यात मुख्याध्यापकांना भेटून 'आमच्या पोराचं नाव घ्या' असं स्पष्ट सांगा.

पास झालं म्हणजे पैसे मिळाले असं नाही. निवड गुणवत्ता यादीतून होते. मराठा, कुणबी, मराठा-कुणबी आणि कुणबी-मराठा समाजातली जी मुलं या परीक्षेत पास होतात पण यादीत येत नाहीत, त्यांच्यासाठी सारथी संस्थेची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे. तिचे वर्षाला ९ हजार ६०० रुपये मिळतात.

मिळालेली शिष्यवृत्ती कुठं हातची जाते?

निवड झाल्यावरही पैसे बुडू शकतात. त्याची कारणं साधी आहेत.

निवड झाल्याच्या आनंदात पोराला नववीला विनाअनुदानित इंग्रजी शाळेत घातलं, की शिष्यवृत्ती बंद. यादीत नाव आलं, पण नववीत गेल्यावर नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर अर्जच भरला नाही, तरी बंद. हा अर्ज दरवर्षी नव्यानं पुढं चालू करावा लागतो. बँक खातं पोराच्या नावाचं पाहिजे आणि आधारशी जोडलेलं पाहिजे. आधारवर एक नाव आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं, असा घोळ असेल तर तो आठवीतच दुरुस्त करा. दहावीला किमान ६० टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातीला ५५. नववीतून दहावीत आणि अकरावीतून बारावीत पहिल्याच प्रयत्नात गेलं पाहिजे.

उत्पन्नाच्या दाखल्याचंही तसंच. शेवटच्या आठवड्यात सेतू केंद्रावर रांग असते, सर्व्हर चालत नाही, तलाठ्यांची सही राहते. दाखला आधीच काढून ठेवा.

आठवीपासून पुढं: ऑलिम्पियाड

ज्याला गणिताचं खरंच वेड आहे त्याच्यासाठी आठवीपासून आणखी एक दार उघडतं आणि ते बारावीपर्यंत उघडं राहतं. आयओक्यूएम ही गणित ऑलिम्पियाडची पहिली पायरी. तीन तास, ३० प्रश्न, १०० गुण. पर्याय दिलेले नसतात, उत्तर आकड्यात लिहायचं असतं. प्रश्न शाळेच्याच गणितावर, म्हणजे संख्या, बीजगणित, भूमिती, मोजणी यांवर, पण पुस्तकापेक्षा खूप खोल. पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो, मराठीत नाही, त्यामुळं गणितातले इंग्रजी शब्द आधी अंगवळणी पाडावे लागतात. पुढच्या पायऱ्यांची जबाबदारी मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे आहे. पहिल्या प्रयत्नात जमलं नाही तर नाराज व्हायचं कारण नाही. अजून चार वर्षं हातात असतात.

फाउंडेशन क्लासचं काय?

क्लास वाईटच असतो असं नाही. पण फी भरण्याआधी काही गोष्टी माहीत पाहिजेत. केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात १६ वर्षांखालच्या मुलांना किंवा दहावीची परीक्षा होण्याआधी प्रवेश देऊ नये, असं म्हटलं आहे. सहावीतल्या पोराचं 'फाउंडेशन' या सूचनांमध्ये बसत नाही.

दुसरं, काही जाहिरातींत अजून 'एनटीएसई'ची तयारी लिहिलेली असते. ती परीक्षा २०२१ पासून स्थगित आहे. बंद परीक्षेच्या नावावर फी मागणाऱ्याला तिथंच प्रश्न विचारा.

तिसरं, पुस्तकं विकत घ्यायलाच पाहिजेत असं नाही. बालभारतीची सगळी पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर मोबाइलवर फुकट उतरवून घेता येतात. सहावी, सातवी, आठवी अशी गणिताची तीन पुस्तकं उतरवा. ज्या धड्यात पोरगं अडतं, तोच धडा खालच्या इयत्तेच्या पुस्तकात उघडा. शिष्यवृत्ती आणि एनएमएमएसच्या जुन्या प्रश्नपत्रिका शाळेत मागा, बहुतेक सरांकडे असतात.

थोडक्यात, भिंतीवर चिकटवायचा कागद

चौथी: शिष्यवृत्तीचा पहिला टप्पा.
पाचवी: नवोदय, एकच संधी.
सहावी: परीक्षेची घाई नाही. अपूर्णांक, दशांश, गुणोत्तर पक्कं.
सातवी: शिष्यवृत्तीचा दुसरा टप्पा. वार्षिकला ५५ टक्क्यांच्या वर राहायचं, कारण पुढच्या वर्षी एनएमएमएस आहे.
आठवी: एनएमएमएस. उत्पन्नाचा दाखला, आधार, बँक खातं तयार. नवोदयच्या रिकाम्या जागांची परीक्षा. वेड असेल तर आयओक्यूएम.
नववी: निवड झाली असेल तर शाळा सरकारी किंवा अनुदानितच, आणि पोर्टलवर अर्ज.

तारखा दरवर्षी बदलतात, त्यामुळं त्या शाळेतून किंवा परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावरूनच घ्या, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मेसेजवरून नको.

पोराची हुशारी घरच्यांनी घडवलेली नसेलही, पण त्याचा फॉर्म वेळेत भरणं घरच्यांच्या हातात आहे. या आठवड्यात एवढंच करा. पोरगं कितवीत आहे ते या कागदाशी जुळवा आणि त्या वर्षाची परीक्षा कोणती, हे उद्या शाळेत जाऊन सरांना विचारा.